जबाब कुणाच्या शब्दांत?

डेरेक बेंटली हा एकोणीस वर्षांचा मुलगा २८ जानेवारी १९५३ रोजी लंडनच्या वॉन्ड्सवर्थ तुरुंगात फासावर गेला. गोळी त्याने झाडली नव्हती. २ नोव्हेंबर १९५२ च्या रात्री तो आणि त्याचा सोळा वर्षांचा साथीदार ख्रिस्तोफर क्रेग क्रॉयडनमधल्या एका गोदामाच्या छपरावर चोरीसाठी चढले. पोलीस आले, बेंटली पकडला गेला, आणि त्यानंतर काही वेळाने क्रेगच्या गोळीने सिडनी माइल्स हा शिपाई ठार झाला. क्रेग वयामुळे फाशीतून वाचला. बेंटलीला धड लिहिता-वाचता येत नव्हतं. त्याच्याविरुद्धच्या पुराव्यात पोलीस ठाण्यात घेतलेला त्याचा एक जबाब होता, ५८२ शब्दांचा. हा जबाब त्याने कुणी काही न विचारता सलग सांगितला आणि आम्ही तो शब्दशः उतरवून घेतला, असं पोलिसांनी शपथेवर सांगितलं. बेंटलीचं म्हणणं वेगळं होतं. मला प्रश्न विचारले आणि माझ्या उत्तरांतून जबाब तयार केला, असं तो म्हणत होता. त्याच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही.

चार दशकांनंतर माल्कम कूल्टहार्ड या बर्मिंगहॅमच्या भाषाशास्त्रज्ञाने तोच कागद पुन्हा वाचला. त्याने एका साध्या इंग्रजी शब्दावर बोट ठेवलं: ‘देन’, म्हणजे आपलं ‘मग’ किंवा ‘त्यानंतर’. बेंटलीच्या जबाबात हा शब्द दहा वेळा येतो, म्हणजे दर ५८ शब्दांमागे एकदा. तुलनेसाठी घेतलेल्या सामान्य साक्षीदारांच्या जबाबांत मिळून ९३० शब्द होते आणि त्यांत तो फक्त एकदा होता. पोलिसांच्या स्वतःच्या जबाबांत मात्र २,२७० शब्दांत २९ वेळा. शब्दाची जागा तर आणखी बोलकी निघाली. इंग्रजी बोलणारा माणूस ‘देन आय’ म्हणतो, ‘मग मी’. बेंटलीच्या जबाबात ‘आय देन’ होतं, तेही तीन वेळा. बोलीभाषेच्या मोठ्या संग्रहात ‘आय देन’ ही रचना सुमारे १,६५,००० शब्दांमागे एकदा सापडली. पोलिसांच्या जबाबांत ती ११९ शब्दांमागे एकदा होती. घटना क्रमाने आणि वेळेनिशी नोंदवायची सवय असलेल्या अंमलदाराच्या हाताला हे वळण असतं, अडखळत बोलणाऱ्या, जवळजवळ निरक्षर पोराच्या जिभेला ते नसतं.

दुसरी गोष्ट नकारार्थी वाक्यांची. तोपर्यंत ख्रिस काही बोलला नव्हता, तो बंदूक वापरेल हे मला माहीत नव्हतं, अशा अर्थाची वाक्यं त्या जबाबात मध्येच येतात. स्वतःहून हकिकत सांगणारा माणूस घडलेलं सांगतो. न घडलेल्या गोष्टी असंख्य असतात, त्यातली नेमकी एखादीच तो कशाला सांगेल? कुणी विचारलं तरच. ‘तो बंदूक वापरेल हे तुला माहीत होतं का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर आलं आणि लिहिणाऱ्याने प्रश्न गाळून दोन्ही मिळून एक वाक्य केलं, की त्या वाक्यातून बंदूक असल्याचं आधीपासून ठाऊक असल्याचा वास येऊ लागतो. प्रश्न शेजारी असता तर तो वास आलाच नसता. ३० जुलै १९९८ रोजी लंडनच्या अपील न्यायालयाने बेंटलीची शिक्षा रद्द ठरवली. त्याचं मुख्य कारण मूळ न्यायाधीशाने ज्यूरीला केलेलं एकतर्फी निवेदन हे होतं, भाषेचा पुरावा नव्हे. तो निकाल भाषाशास्त्राच्या खात्यावर जमा करणं अप्रामाणिकपणाचं होईल. पण जबाब सलग सांगितला गेला होता हा पोलिसांचा दावा त्या कागदानेच खोटा पाडला, ही गोष्ट उरतेच.

या पुस्तकाची सुरुवात मी मुद्दाम या खटल्याने करतो आहे. लेखी जबाबाच्या भाषेवरून खोटेपणा ओळखण्याचा विषय निघाला की वाचकाला आशा असते ती लबाडाला पकडण्याची किल्ली मिळण्याची. कोणते शब्द आले की माणूस खोटं बोलतोय, कुठे अडखळला की पाणी मुरतंय, याची यादी हवी असते. अशी यादी मी देणार नाही, कारण ती अस्तित्वात नाही. त्याआधीचा प्रश्न मात्र प्रत्येक कागदाला विचारता येतो आणि त्याचं उत्तर बरेचदा मिळतं: हे शब्द नक्की कुणाचे आहेत? तो न विचारता खरं-खोटं ठरवायला बसणं मला धोक्याचं वाटतं.

जबाबांची भाषा तपासणारी भाषाशास्त्राची शाखा नावारूपाला आली तीही अशाच एका कागदावरून. टिमोथी इव्हान्स याला तान्ह्या मुलीच्या खुनाबद्दल ९ मार्च १९५० रोजी लंडनमध्ये फाशी झाली. तीन वर्षांनी त्याच घरात राहणारा जॉन ख्रिस्ती हा अनेक स्त्रियांचा खुनी निघाला. यान स्वार्टविक या स्वीडिश अभ्यासकाने १९६८ मध्ये इव्हान्सचे जबाब वाक्यरचनेच्या अंगाने तपासले, तेव्हा त्याला अडकवणारे परिच्छेद आणि त्याची बाकीची भाषा यांचा मेळ बसेना. न्यायवैद्यक भाषाशास्त्र हे नाव त्या अभ्यासापासून रूढ झालं.

लबाडी शोधण्याचा प्रामाणिक आणि चिवट प्रयत्न जर्मनीत झाला. लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांत अनेकदा एकच साक्षीदार असतो, ते मूल. वैद्यकीय पुरावा नसतो, पाहणारं कुणी नसतं. १९५४ मध्ये पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा मुलांची साक्ष पारखायला मानसशास्त्रज्ञांची मदत घेण्याचा मार्ग मोकळा केला. त्यांतले एक, उडो उंडॉइच, यांनी १९६७ मध्ये आपलं गृहीतक मांडलं: प्रत्यक्ष अनुभवाच्या आठवणीतून आलेली हकिकत आणि कल्पनेतून रचलेली हकिकत यांचा पोतच वेगळा असतो. मॅक्स श्टेलर आणि ग्युंटर क्योन्केन यांनी १९८९ मध्ये या कल्पनेतून १९ निकष तयार केले. ते वाचताना मला फार आनंद होतो, कारण त्यांत माणसाच्या बोलण्याची खरी जाण आहे. खरं सांगणारा क्रम मोडतो, मागेपुढे करतो. त्याच्या हकिकतीत कथेला न लागणारे तपशील असतात. बोलणं तो जसंच्या तसं सांगतो. मध्येच एखादी अनपेक्षित अडचण येते, दार अडकतं, फोन वाजतो. ‘नाही नाही, ते आधी झालं’ असं म्हणून तो स्वतःला दुरुस्त करतो, आणि ‘एवढं मात्र आठवत नाही’ असंही कबूल करतो. रचणाऱ्याला ही कबुली परवडत नाही, आपल्यावर संशय येईल असं त्याला वाटतं.

मात्र हे सगळे खरेपणाचे निकष आहेत. ते सापडले नाहीत म्हणून हकिकत खोटी ठरत नाही. लाजरं, घाबरलेलं, चार शब्दांत उत्तर देणारं मूल खरंच सांगत असू शकतं. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत या पद्धतीने साधारण दहापैकी सात निर्णय बरोबर येतात. एरवी केवळ ऐकून किंवा वाचून खरं-खोटं ओळखण्याची माणसाची सरासरी क्षमता ५४ टक्के आहे, असं चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी २००६ मध्ये शेकडो प्रयोगांची बेरीज करून दाखवलं. त्या मानाने सत्तर चांगलेच. पण दहातले तीन चुकणार असतील आणि त्या तिघांत एखादा निरपराध असेल, तर त्या आधारावर कुणाला तुरुंगात धाडायचं? जर्मन परंपरेचा मोठेपणा हा, की हे तिने ओळखलं. निकष हे मुलाच्या एकूण पार्श्वभूमीसह, मुलाखतीच्या पद्धतीसह वाचायचे, आणि आधी ‘ही हकिकत अनुभवातून आलेली नाही’ असं धरून चालायचं, पुरावा ते मोडेपर्यंत, अशी शिस्त तिथल्या न्यायालयाने १९९९ मध्ये घालून दिली.

अमेरिकेत हीच गोष्ट बाजारात गेली. अविनोअम सापीर हे इस्राएल पोलिसांत खोटेपणा पकडण्याचं यंत्र चालवणारे अधिकारी. त्यांनी ‘स्कॅन’ नावाची पद्धत काढली आणि ती जगभरच्या पोलीस दलांना शिकवली. संशयिताला कोरा कागद आणि पेन द्यायचं, दिवसभरात काय झालं ते लिही म्हणायचं, आणि मग सर्वनामं, काळ, खोडलेले शब्द, घटनेच्या आधीचा आणि नंतरचा मजकूर किती ओळींचा आहे हे मोजायचं. ऐकायला शास्त्रीय वाटतं. पण जर्मन निकषांशी ताडून पाहा. मध्येच स्वतःला दुरुस्त करणं हे तिकडे खरेपणाचं लक्षण, इथे खोटेपणाचं. ‘आठवत नाही’ ही कबुली तिकडे खरेपणाच्या बाजूने, इथे विरुद्ध. म्हणजे एकाच बाईने एकाच कागदावर ‘साडेसहा, नाही, सात वाजले असतील’ असं लिहिलं, तर जर्मन तज्ज्ञाच्या लेखी ती खरी आणि ‘स्कॅन’ शिकलेल्या हवालदाराच्या लेखी लबाड. दोन्ही एकाच वेळी बरोबर असू शकत नाहीत. २०१६ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी ‘स्कॅन’ची कसोटी घेतली, तेव्हा खऱ्या आणि रचलेल्या जबाबांतला फरक त्या पद्धतीला सांगता आला नाही. अमेरिकी सरकारच्याच चौकशीतज्ज्ञांच्या गटानेही त्याच वर्षी, आधाराला संशोधन नसताना ही पद्धत सर्रास वापरली जाते, असं नोंदवलं. तरी प्रशिक्षणवर्ग चालू राहिले. मला याचा राग येतो, कारण अशा वर्गातून बाहेर पडलेला अधिकारी पूर्वीपेक्षा जास्त जाणत नसतो, त्याची खात्री तेवढी वाढलेली असते.

या विषयातली सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट सुझन स्मिथची. २५ ऑक्टोबर १९९४ रोजी साउथ कॅरोलायनातल्या युनियन गावी या आईने सांगितलं, की एका कृष्णवर्णीय माणसाने शस्त्राच्या धाकाने गाडी पळवली आणि आत तिची दोन लहान मुलं आहेत. दूरचित्रवाणीवर ती मुलांसाठी रडली, पण त्यांच्याविषयी बोलताना भूतकाळ वापरत होती. मुलांना मी हवी होते, असं. त्यांचे वडील वर्तमानात आणि भविष्यात बोलत होते: ती सुखरूप आहेत, घरी येतील. नवव्या दिवशी तिने गाडी मुलांसह तळ्यात सोडल्याचं कबूल केलं. एफबीआयच्या मासिकात १९९६ मध्ये सुझन ॲडम्स यांनी हे उदाहरण दिलं आणि ते सर्वतोमुखी झालं. उदाहरण खरं आहे, अंगावर काटा आणणारं आहे. पण ते आपल्याला शेवट माहीत असल्यामुळे पटतं. मूल हरवलेल्या, खचलेल्या, मनाने वाईटाची तयारी केलेल्या किती निरपराध आयांच्या तोंडून भूतकाळ निघून जातो, हे कुणी मोजलं? त्यांची नावं पाठ्यपुस्तकात येत नाहीत.

मोजणाऱ्यांनी मोजलं तेव्हा काय निघालं, तेही पाहण्यासारखं आहे. २००३ मध्ये मॅथ्यू न्यूमन, जेम्स पेनेबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकाकडून शब्द मोजून घेतले: खोटं लिहिणारे ‘मी’ कमी वापरतात, स्वतःला मजकुरापासून दूर ठेवतात. २०११ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात मायल ऑट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकागोच्या हॉटेलांबद्दलचे ४०० खरे आणि ४०० पैसे देऊन लिहून घेतलेले खोटे अभिप्राय तपासले. तिथे खोट्यांत ‘मी’ जास्त निघाला, कारण तिथे न गेलेल्याला ‘मी तिथे होतो’ हे ठसवायचं होतं. खोट्याचं व्याकरण नसतं. माणूस कशासाठी आणि कुणासमोर खोटं बोलतोय, त्यावर त्याचे शब्द ठरतात.

आता आपल्या भाषेकडे येतो, कारण इंग्रजीतले हे ठोकताळे मराठीत जसेच्या तसे आणणारी व्याख्यानं मी ऐकली आहेत. ‘मी गाळला म्हणजे काहीतरी लपवतोय’ हा त्यांतला लाडका नियम. मराठीत तो पहिल्याच वाक्याला कोसळतो. ‘सकाळी उठलो, आंघोळ केली, चहा घेतला, बाहेर पडलो.’ यात ‘मी’ एकदाही नाही आणि कुणाला काही खटकत नाही. ‘उठलो’ आणि ‘पडलो’ या क्रियापदांतच बोलणारा बसलेला आहे. ‘केली’ आणि ‘घेतला’ मात्र आंघोळ आणि चहा यांच्यामागे चालतात, त्यांत कर्ता नाही. म्हणून ‘घरी आलो, कपाट उघडलं, पैसे घेतले’ असं एखाद्याने लिहिलं, तर कपाट कुणी उघडलं हे वाक्यावरून ठरत नाही. ही लपवाछपवी नाही, आपल्या भूतकाळाची घडणच अशी आहे. इंग्रजी नियम पाठ केलेला तपासी अंमलदार नेमका इथे संशय घेणार. शहाण्याने इथे एवढंच करावं, की ‘कपाट कुणी उघडलं?’ असं विचारावं आणि प्रश्नासकट उत्तर लिहावं.

मराठी जबाबात खरी अडचण याहून खोल आहे. आपल्याकडे जबाब देणारा लिहीत नाही. ठाण्यात रायटर लिहितो, आता टंकलिखित करतो. चोरीच्या कुठल्याही फिर्यादीत हे वाक्य सापडेल: ‘सदर वेळी कोणीतरी अज्ञात इसमाने माझे संमतीवाचून लबाडीच्या इराद्याने चोरून नेले आहे.’ शेळ्या चोरीला गेलेला धनगर हे बोलला का? ‘माझ्या शेळ्या नेल्या हो कुणीतरी’ असं तो म्हणाला असेल. ‘संमतीवाचून’ आणि ‘लबाडीच्या इराद्याने’ हे दोन्ही शब्द चोरीच्या कायदेशीर व्याख्येतून आलेत. कलम लागू व्हावं म्हणून ते वाक्यात बसवले जातात. रायटर यात काही खोटं करत नसतो, त्याचं काम सोपं व्हावं म्हणून पिढ्यानपिढ्या चालत आलेला तो साचा आहे. पण साच्यातून बाहेर आलेल्या मजकुराची शब्दयोजना पाहून धनगराच्या मनाचा ठाव घेणं शक्य नाही. गडचिरोलीत माडिया बोलणारा, मेळघाटात कोरकू बोलणारा किंवा नंदुरबारला भिली बोलणारा साक्षीदार असेल, तर त्याच्या तोंडचा एकही शब्द त्या कागदावर नसतो.

त्यातल्या त्यात आपल्या जुन्या पद्धतीत एक चांगली खूण होती. ‘समक्ष विचारल्यावरून सांगतो की’ असं जबाबात लिहिलं जातं. प्रश्न काय होता ते कळत नाही, पण प्रश्न होता हे तरी कळतं. बेंटलीच्या कागदावर एवढंही नव्हतं. ही खूण जपायला हवी, आणि तिच्यापुढे खरा प्रश्नही लिहायला हवा.

कायदा करणाऱ्यांना हा धोका ठाऊक होता. पोलिसांनी तपासात घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नाही आणि तो पुरावा म्हणून वापरायचा नाही, उलटतपासात साक्षीदाराला खोडण्यापुरता वापरायचा, ही फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १६१ आणि १६२ कलमांची व्यवस्था होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती १८० आणि १८१ या कलमांत कायम आहे. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब तर ग्राह्यच नाही. पण ‘खोडण्यापुरता’ हा वापरही किती जड जातो, ते मराठी कोर्टात दिसतं. साक्षीदार पिंजऱ्यात सांगतो, आरोपीच्या हातात काठी होती. वकील विचारतात, हे पोलिसांना सांगितलं होतं? सांगितलं होतं. मग जबाबात का नाही? आणि न्यायालयाच्या कागदावर उतरतं: ‘ही बाब मी पोलिसांना सांगितली होती. ती जबाबात का लिहिली नाही, याचे कारण मी सांगू शकत नाही.’ तो कसं सांगणार? लिहिणारा दुसराच होता. तरी ती त्रुटी साक्षीदाराच्या नावावर चढते आणि युक्तिवादात तो खोटारडा ठरतो.

सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये भरवाडा भोगिनभाई खटल्यात बजावलं होतं, की साक्षीदाराची स्मरणशक्ती छायाचित्रासारखी नसते, बारीकसारीक विसंगतींवरून साक्ष फेकून देऊ नये. ते वाक्य निकालपत्रांत वारंवार उद्धृत होतं. खोटं पकडणाऱ्या यंत्रांचा मोहही आपल्याला होताच. पुण्याच्या सत्र न्यायालयाने २००८ मध्ये एका खुनाच्या खटल्यात मेंदूच्या विद्युत्लहरींच्या चाचणीवर विसंबून शिक्षा दिली, तेव्हा जगभर चर्चा झाली. २०१० मध्ये सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूची ही चाचणी संमतीशिवाय करता येणार नाही असं ठरवलं. भाषेची परीक्षा अशी कुणाच्या संमतीची वाट पाहत नाही, कागद हाती असला की झालं. म्हणून तिच्याबाबत जास्त जपायला हवं.

मग या विद्येचा उपयोग काय? माझ्या मते मोठा आहे, पण तो निवाडा देण्याचा नाही. जबाब नीट वाचणारा माणूस कुठे विचारायचं ते सांगू शकतो. इथे दोन तास गळले आहेत. इथे अचानक ‘मोटारसायकल’ची ‘गाडी’ झाली. हे वाक्य दुसऱ्या जबाबातल्या वाक्याशी काना-मात्रेसह जुळतं, मग ते कोणी कोणाचं उचललं? हा नकार कोणत्या प्रश्नाला आहे? यातलं प्रत्येक निरीक्षण तपासाला निघण्याचं ठिकाण आहे. पुढे मोबाइलच्या नोंदी, शेजारपाजार, पावती, कॅमेरा यांनी ते खरं किंवा खोटं ठरावं. पुढच्या प्रकरणांत जे नमुने घेतले आहेत ते या पद्धतीने वाचावेत, ही विनंती.

दुसरी विनंती पोलीस अधिकाऱ्यांना आणि सरकारी वकिलांना. साक्षीदाराचा जबाब ध्वनिचित्रमुद्रित करण्याची मुभा कायद्यात २००९ अखेरपासून आहे. आधी माणसाला न अडवता बोलू द्या, त्याच्या बोलीत मुद्रित करा, मग प्रश्न विचारा आणि प्रश्नही नोंदवा. कागद नंतर करा. मूळ आवाज हाती असला, तर बेंटलीसारख्या कागदावर चाळीस वर्षांनी शब्द मोजत बसायची वेळ येणार नाही.

आणि सामान्य वाचकाला एवढंच. तुम्ही कधी फिर्याद द्यायला गेलात, तर ती लिहून झाल्यावर वाचून दाखवली जाते आणि मग त्यावर तुमची सही घेतली जाते. घाई असली, रात्र झाली असली, तरी पूर्ण ऐका. जे तुम्ही बोलला नाही ते त्यात असेल, तर सही करण्याआधी दुरुस्त करून घ्या. फिर्यादीची प्रत तुम्हाला विनामूल्य मिळते, ती मागून घ्या.